शेवटचा आकडा

माळेगावच्या माळावर, घोडेबाजाराच्या मागं
आमचा टॉवर उभा राहतो ट्रकवर,
चार दिवसांपुरता, जनरेटरच्या धडधडीवर.
पायथ्याशी मी, पत्र्याची खुर्ची, लॅपटॉप
आणि एक काळा फोन, ज्याच्या सिमला वाट मोकळी असते.
सही करून घेतलाय. घरी लावायचा नाही.

दिवेलागणीपर्यंत लाखभर माणूस.
भंडारा इतका उधळलेला
की चार्जिंगच्या भोकातही पिवळं.

मग टॉवर हवेत सांगून टाकतो, आता सगळ्यांनी नको.
तुमच्या सिममध्ये एक नंबर दडलेला असतो,
तुम्हाला कधीच न दिसणारा.
त्याच्या शेवटच्या आकड्यावर तुमचा गट ठरतो,
थांबणाऱ्यांचा किंवा न थांबणाऱ्यांचा.
शून्य ते नऊ. जात नाही, गाव नाही, पैसा नाही.
हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.
दुसऱ्या दिवशी शिकवलं,
अकराच्या पुढचे गट वेगळे.

नऊच्या सुमारास शेषेराव धावत आला,
ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, एक चप्पल कुठं तरी राहिलेली.
"फोनच लागंना की हो.
नुजहत सिस्टर म्हणायल्यात, नांदेडला कळवा,
रक्त काढून ठेवा म्हणावं."
खूर बघायला वाकलेल्या गिऱ्हाइकाला
घोडीनं लाथ घातली होती, पोटात.

मी काळा फोन पुढं केला.
लागला नाही.

वाट मोकळी म्हणजे दार उघडं असं नव्हे.
एकाच क्षणी दोघं बोलले
तर टॉवरला दोघांचंही कळत नाही,
त्यातला एक कितीही मोठा असला तरी.
मग फोन गप्प बसतो.
किती वेळ, त्याची चिठ्ठी तो स्वतःच काढतो,
दुसऱ्याची चिठ्ठी वेगळी निघावी या आशेवर.
पुन्हा विचारतो, आवाज थोडा चढवून.
पुन्हा गप्प.
पुन्हा, अजून थोडा चढवून.
शेषेरावला हे दिसत नाही.
त्याला दिसतं नुसतं गोल फिरणारं चाक.
"काहून थांबलाय हा?"
म्हटलं, थांबला नाही. विचारायलाय.

चौथ्या खेपेला लागला.
शेषेराव ओरडूनच बोलला,
जणू नांदेडपर्यंत आवाज त्यालाच वाहून न्यायचाय.
मग गाडी निघाली. गर्दी फाटली
आणि गाडीमागं लगेच शिवली गेली.

काळा फोन मांडीवर. शेजारी माझा,
तडकलेल्या काचेचा, शेवटचा आकडा सहा.
दुपारी दोनला वैजयंता कंधारहून बोलली होती,
पोराला एकशे दोन आहे.
त्यानंतर सहाला थांबायला सांगितलं गेलं.
सांगितलं गेलं म्हणजे मीच सांगितलं,
शंभरातले सत्तर अडवा,
हा आकडा लॅपटॉपवर मीच टाकला होता.
काळ्या फोनकडं दोनदा हात गेला.
दोन्ही वेळा जनरेटरचं डिझेल बघून आलो.

पावणेतीनला जत्रा निजली. घोडे उभ्यानं.
मी अडवणं काढलं
आणि माझा फोन पत्र्यावर थरथरत सरकू लागला,
सगळं एकदम, क्रम मोडून:
झोपला
एकशे तीन
किती लावू, लागतच नाही
तुम्ही जेवलात का
डॉक्टरकडं निघालेय, कासारांच्या गाडीत
मी वेळा बघून बघून ते ओळीत लावले.
झोपला, हे शेवटी आलं.
तरी दोनदा तपासलं.

मग सिस्टरना लावला, काळ्यावरून.
हे कामातच मोडतं, असं मनाला सांगून.
आता हवेत कुणीच नव्हतं.
पहिल्या झटक्यात लागला, रिंग स्वच्छ वाजत राहिली,
उचलला नाही.

थोडं थांबून पुन्हा लावायचं ठरवलं.
थोडं म्हणजे किती,
याची चिठ्ठी मला काढता येईना.